नानाच्या बागेतला बिबट आणि माझे बारा फोटो

पांढुर्णा

प्रवासवर्णन लिहायचं तर माणसानं निदान एखादा समुद्र ओलांडलेला असावा, असं आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचं ठाम मत आहे. मी जाम नदी ओलांडली. तीही बसमध्ये बसून, आणि पाणी घोट्याला लागेल इतकंच होतं. पांढुर्ण्याहून दुपारचं जेवून निघालं तर सौंसरला चहाला पोचता येतं, एवढाच हा प्रवास. पण त्यात मी जे पाहिलं ते आफ्रिकेला जाऊन आलेल्यांनाही दिसलं नसेल, म्हणून लिहायला बसले आहे. मराठीच्या बाईंनी वाचू नये.

कारण झालं शाळेचं. मी कन्याशाळेत शास्त्र शिकवते. आमच्या वर्गात प्राण्यांचे तक्ते आहेत, त्यात जिराफ आहे, पेंग्विन आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी मी एका मुलीला विचारलं, आपल्या भागातला एखादा जंगली प्राणी सांग, तर ती म्हणाली कांगारू. माझं डोकंच फिरलं. मी भर वर्गात जाहीर केलं की सुट्टी संपली की आपल्याच परिसरातल्या पशुपक्ष्यांचे फोटो मी स्वतः काढून भिंतीवर लावीन. मुली टाळ्या वाजवत होत्या तेव्हाच मला आठवलं की मी तोवर कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता.

कॅमेरा यजमानांचा होता. ते रेल्वेत, तिगावच्या स्टेशनावर. दिवाळीची ड्यूटी लागल्यामुळे त्यांचं येणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्यांनी कॅमेऱ्याबरोबर सूचना दिल्या. कॅमेरा पेटीसारखा, एकावर एक दोन भिंगांचा. तो छातीशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेत चित्र दिसतं ते नखाएवढं, आणि डावं ते उजवीकडे. म्हणजे ससा डावीकडे पळाला तर आपण उजवीकडे वळायचं नाही, असं यजमान म्हणाले, की वळायचं असं म्हणाले, ते मला बसस्टँडवर पोचेपर्यंत आठवत नव्हतं. एका रोलमध्ये बारा फोटो. दुकानात एकच रोल शिल्लक होता.

भाऊबीजेला मी दरवर्षी सौंसरपलीकडे मामेभावाकडे जाते. नाना माझ्यापेक्षा मोठा. त्याची संत्र्याची बाग आहे, बागेला लागून कपाशी, कपाशीला लागून नाला आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल. याहून परिसर तो काय असतो?

बसमध्ये

बसमध्ये जामसांवलीला जाणारे मारुतीचे भक्त होते. मी कॅमेऱ्याचं झाकण जरा उघडून पाहिलं, तर पुढच्या बाकावरच्या आजोबांनी टोपी सरळ केली. त्यांचं बघून शेजारच्यांनी कंगवा काढला. कंगवा सगळ्या बसमधून फिरला. मी म्हणत राहिले की हा प्राण्यांसाठी आहे, पण ते ऐकून कोणी वाईट वाटून घेतलं नाही. शेवटी ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि शर्टाची वरची गुंडी लावली. आता एवढ्या लोकांना नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. पहिला फोटो तिथं गेला. उतरताना आजोबा त्यांच्या गावाचा पत्ता देऊन गेले आणि कॉपी मोठ्या साइजची पाठवजा म्हणाले.

नानाच्या घरी दुसरा फोटो घरच्या मंडळींचा आणि तिसरा बैलजोडीचा निघाला. पाडव्याला रंगवलेली शिंगं अजून ओली होती. नाही म्हणायची सोयच नव्हती, वैनींनी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या होत्या. आमच्या पांढुर्ण्यातही करतात, पण सौंसरच्या बाया आत खसखस आणि खोबरं असं ठासून भरतात की वडी हातात घेतली की जड लागते. मी सहा खाल्ल्या.

जेवतानाच मला ते प्रकरण कळलं. बागेच्या गोठ्यातून वैनींच्या दोन बकऱ्या गेल्या होत्या. बागेचा राखणदार देवाजी म्हणत होता की बिबट्यानं नेल्या. नाना म्हणत होता की आजोबांच्या काळानंतर इकडं बिबट कोणी पाहिलेला नाही, देवाजीनंच त्या बाजारात विकल्या. देवाजीनं नाल्याकाठचे पंजे दाखवले, तर नाना म्हणाला कुत्र्याचे. आणि हे त्यानं घरात नाही, संत्र्याच्या व्यापाऱ्यासमोर आणि कापूस वेचणाऱ्या बायांसमोर म्हटलं होतं. चोर म्हटलं. दिवाळी झाली की सामान उचल, असंही सांगून टाकलं होतं. देवाजी त्या बागेत नानाची मुंज व्हायच्या आधीपासून आहे. त्याची बायको कौसा त्या वेचणाऱ्या बायांमध्येच उभी होती. मला राग आला, पण तोंडात वडी होती.

बाग

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बागेत गेले. देवाजी वाट पाहत उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, काटक माणूस. जयभीम केला आणि म्हणाला की ताई, कोणतं जनावर पायजे ते सांगा, मी दाखवतो. त्याला बागेतल्या प्रत्येक पाखराचं येण्याजाण्याचं टायमिंग माहीत होतं. फक्त एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. फोटो काढायचा म्हणजे माणसानं धुतलेले कपडे घालायचे, ही आमच्याकडची रीत. देवाजी पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घालून आला होता. तो झुडपात दडून बसला की ते झुडूप अर्ध्या कोसावरून दिसायचं. नीळकंठ उडाला, तितर उडाले, टिटव्या तर आम्ही निघायच्या आधीच ओरडायला लागल्या.

मी म्हटलं, देवाजीभाऊ, उद्या मळके कपडे घाला. तो कसंनुसं हसला. फोटोत मळक्या कपड्यानं येणं त्याला पटेना. मी समजावलं की फोटोत तुम्ही नाही, पाखरू येणार आहे. त्यावर तो म्हणाला, तुमच्या हाताचा काय भरोसा, मी आलो तर?

त्याचं म्हणणं खरं ठरलं. मुंगसाचा फोटो मी अगदी नेम धरून काढला, त्यात देवाजीचा डावा पाय आला. मोराचा काढला, त्यात मोराचा शेवटचा फूटभर पिसारा आला. वांदरांचा काढताना वांदरानंच माझ्या पिशवीतली भाकर नेली आणि फोटो आभाळाचा निघाला.

रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा, मात्र मी झकास काढला. कपाशीच्या पलीकडे करड्या रंगाचं, कान टवकारलेलं, चांगलं उंच जनावर. मी काचेत पाहिलं आणि नेम धरला. देवाजी काही बोलायला गेला तर मी त्याला हातानं गप्प केलं. बटण दाबल्यावर त्यानं शांतपणे सांगितलं की ते धोब्याचं गाढव आहे.

ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या गावात पोचली. नाना जेवताना दोनदा हसून ठसकला. मी त्याला म्हटलं की काचेत लहान दिसतं. तो म्हणाला, गाढव लहान दिसलं तरी गाढवच राहते.

संध्याकाळी मी त्याला ओवाळलं. त्यानं तबकात साडी ठेवली, चांगली जरीकाठी. मी ती परत त्याच्या हातात दिली. दिवसभर देवाजीबरोबर फिरले होते. तो बकऱ्यांबद्दल एकदाच बोलला होता. म्हणाला होता, “बाग गेली तं जाऊ द्या ताई, हात हायेत मले. पण पोरीच्या सासरी माहीत झालं. ते लोक आता घरातल्या पेट्या कुलपात ठेवून राहिले, ती आली का.” हे माझ्या डोक्यात बसलं होतं.

“साडी नको,” मी नानाला म्हटलं. “पंधरा दिवस दे. पंधरा दिवस देवाजीले बागेतून काढू नको, अन् मी बिबट्याचा फोटो आणला तं जिथं त्याले चोर म्हणलं तिथंच शब्द वापस घे.”

नानाला वाटलं मी गंमत करते आहे. वैनींना वाटलं साडीचा रंग आवडला नाही. पण भाऊबीजेला बहिणीनं तोंडानं मागितलेलं नाकारता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. नाना म्हणाला, बरं, पण गाढव चालणार नाही.

यापुढं मी शपथेवर लिहिते. बिबट रोज सकाळी विहिरीवर येते, असं देवाजीचं म्हणणं होतं. आम्ही तीन सकाळी पंपाच्या खोलीत दार अर्धवट लावून बसलो. पहिल्या दिवशी खारी आल्या. दुसऱ्या दिवशी वैनी आल्या, चहा घेऊन. खारींत आणि वैनींत चार फोटो गेले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे एकच फोटो उरला होता, आणि ऊन नुकतंच विहिरीच्या कठड्यावर पडलं होतं. देवाजीनं माझ्या कोपराला बोट लावलं. मी काचेत पाहिलं. कठड्यावर, जिथं आमच्या मामांचं नाव कोरलेलं आहे त्याच्याच वर, एक बिबट येऊन बसला होता.

आता खरी गंमत ऐका. एवढ्या दिवसांत एक पाखरू म्हणून माझ्यासमोर थांबलं नव्हतं. आणि हा, पुढचे दोन्ही पाय जुळवून, मान ताठ करून, सरळ कॅमेऱ्याकडे बघत असा बसला की जसा मुलगी दाखवायच्या फोटोला बसला आहे. ऊन तोंडावर. मी भिंगाला बोट लावलं नाही, श्वास घेतला नाही, बटण दाबलं. मग मान वर केली. पण मी जवळचं पाहायचा चष्मा लावलेला, मला कठड्याच्या जागी एक पिवळसर धूर दिसला आणि चष्मा काढेपर्यंत तो धूरही गेला. म्हणजे मी आयुष्यात पाहिलेला एकमेव बिबट मी नखाएवढा पाहिला, आणि तोही उलटा.

देवाजी जमिनीवर बसून रडत होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी रोल गुंडाळत बसले.

नानाला सांगितलं तर तो म्हणाला, तुले गाढवाचा रोही दिसते, मांजराचा बिबट दिसणारच. देवाजीनं बिबट म्हणलं अन् तू हो म्हणलं. मी म्हटलं, फोटो येऊ दे.

परत पांढुर्णा

पांढुर्ण्यात फोटोच्या कामात गुलाबभाऊंचा हात धरणारा कोणी नाही. सौंसरपासून मुलताईपर्यंतच्या मुलींचे लग्नाचे फोटो त्यांच्याकडे येतात. फोटोत देवीचे व्रण असोत, मुरूम असोत, वांग असो, गुलाबभाऊ निगेटिव्ह काचेवर ठेवतात, डोळ्याला भिंग लावतात आणि टोकदार पेन्सिलीनं एकेक डाग भरून काढतात. मुलगी अशी गुळगुळीत होऊन बाहेर येते की घरच्यांनाही जरा निरखून पाहावं लागतं. दिवाळीनंतर लग्नसराईचं काम साचलेलं, त्यामुळे माझ्या रोलला वेळ लागला. मी रोज शाळा सुटली की चक्कर मारायची. ते रोज म्हणायचे, मॅडम, एका फोटोवर लय मेहनत चालू आहे, तुमचं नाव आहे म्हणून करून राहिलो. मला वाटलं मोठा करत असतील.

मुदतीच्या तेराव्या दिवशी त्यांनी पाकीट दिलं. बसचा फोटो होता, बैलजोडी होती, गाढव सुरेख आलं होतं. सर्वांत खाली बिबट्याचा फोटो. विहीर तीच. कठडा तोच, कठड्यावर मामांचं नाव अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. आणि नावावर एक मोठं, गोरं, गुळगुळीत, बिनठिपक्याचं, बिनमिशांचं जनावर माझ्याकडे बघत होतं. थोडंसं वासरू, थोडंसं कोणाचा तरी जावई.

मी फोटो दिव्याखाली धरून बघत राहिले. गुलाबभाऊंना वाटलं मी भारावले.

“तुमच्या कुत्र्याले खरूज झाली होती काय जी?” ते म्हणाले. “पुऱ्या अंगावर डाग. चार दिवस लागले मले. एक डाग सापडला तं सांगा.”

मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, शास्त्राच्या शिक्षिकेला शोभणार नाही अशा आवाजात ओरडले. तो बिबट आहे, कुत्रा नाही, डाग हेच त्याचं सगळं काही आहे, आणि त्या डागांवर एका माणसाची अब्रू लटकली आहे, परवा त्याला हाकलतील. हे सगळं मी एका दमात बोलले. गुलाबभाऊंचा चेहरा उतरला. आपल्या हातून आजवर डागाचा फोटो बाहेर गेला नाही, असं ते पुटपुटले. मग त्यांनी निगेटिव्ह पुन्हा पाहिली. म्हणाले, पेन्सिल आहे ती टर्पेंटाइननं निघते. आणि कापसाचा बोळा घेऊन खाली बसले. मी त्यांच्या डोक्यावर उभी राहिले. एकेक डाग परत येताना त्यांना किती त्रास होत होता ते दिसत होतं. पोटावरची पेन्सिल पुसताना ते दोनदा म्हणाले, इथली राहू देऊ का?

मिशा मात्र परत आल्या नाहीत. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं असतं, आणि नको असलेलं काळं गुलाबभाऊ ब्लेडच्या टोकानं खरवडतात. खरवडलं ते गेलंच. ठिपके सगळे आले, पण बिबट राहिला तो सफाचट, नुकताच न्हाव्याकडून उठून आलेला.

पुन्हा बाग

पंधराव्या दिवशी रविवार होता. मी सकाळच्या बसनं गेले. बागेत संत्र्याची तोड सुरू झालेली, बाया झाडांखाली टोपल्या भरत होत्या, व्यापारी ट्रकजवळ पेट्या बांधून घेत होता. देवाजीचं सामान झोपडीबाहेर बांधून ठेवलेलं दिसलं. नानानं सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहून बांधलं होतं. कौसा टोपली घेऊन बाकीच्या बायांत उभी होती.

मी फोटो नानाच्या हातात दिला. नानानं तो जवळ धरला, लांब धरला.

“बिबट्याले मिशा राहतात,” तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं, गुलाबभाऊ, पेन्सिल, टर्पेंटाइन, ब्लेड. माझ्याच कानाला ते इतकं खोटं वाटत होतं की मधूनच मी थांबले. पण नाना आता मिशांकडे बघत नव्हता. तो कठड्यावरचं आपल्या वडिलांचं नाव वाचत होता. बराच वेळ वाचत होता. मग त्यानं फोटो खिशात घातला, देवाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पंपाच्या खोलीमागं घेऊन गेला. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले.

तिथं नाना हळू आवाजात बोलला. चुकलं म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. देवाजीनं बाग सोडायची काही गरज नाही, सामान आत ठेवावं. फक्त बाहेर बिबट्याचं नाव काढू नये. बायांनी ऐकलं तर एक जणही झाडाखाली थांबणार नाही आणि तोड अर्ध्यावर राहील. बायांना आपण सांगू की बकऱ्या सापडल्या. भाऊबीजेचा शब्द आहे म्हणून मी तोंड उघडलं, पण देवाजी माझ्याआधी बोलला.

“मालक, चोर म्हणताना मले असं बाजूले नवतं आणलं तुमी.”

माझा भाऊ हट्टी आहे, तोंडाचा फटकळ आहे, पण ते वाक्य त्याला लागलं. तो वळला आणि ट्रकपाशी गेला. फोटो काढून त्यानं आधी व्यापाऱ्याच्या हातात दिला. मग सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की देवाजीनं बकऱ्या विकल्या नाहीत. बिबट्यानं नेल्या. बिबट रोज विहिरीवर येऊन बसते, हा त्याचा फोटो. मी देवाजीले चोर म्हणलो, ते खोटं बोललो.

फोटो हातोहात फिरला. मिशांबद्दल दोघीतिघींनी विचारलं. मग ज्या त्या आपापले डबे उचलून, लुगड्याचा काचा घट्ट करून सडकेच्या वाटेला लागल्या. नाना त्यांना थांबवायला गेला नाही. व्यापारी ट्रकमध्ये जाऊन बसला आणि त्यानं काच वर केली. एक कौसा तेवढी राहिली. ती झाडाखाली बसली होती, तोंडाला पदर लावून, आणि तिचे खांदे हलत होते.

झाडं मात्र लगडलेली होती, आणि ट्रक अर्धा रिकामा. नानानं स्वतःच्या बाह्या वर केल्या आणि तोडायला लागला. वैनी आल्या. मीही टोपली घेतली, दर दोन फळांनंतर विहिरीकडे बघत. देवाजी शिडीवर होता, त्याचे हात आमच्या सगळ्यांपेक्षा भरभर चालत होते.

दुपारी नाना त्याच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. मान वर करून त्यानं विचारलं, देवाजी, मंग राहतं ना बागेत? असं त्यानं तीनदा विचारलं. देवाजीनं हातातलं संत्रं देठाजवळून सावकाश तोडलं, टोपलीत ठेवलं.

“इचार करून सांगतो मालक,” तो म्हणाला, आणि खाली उतरून शिडी दुसऱ्या झाडाला लावली.